अमेरिकेच्या दक्षिणेतलं मध्यम शहर अधिवेशनासाठी निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी मंडळाची बैठक संपत आली की कुणीतरी म्हणतंच, "पुढचं संमेलन आपण घेऊ या का?" टाळ्या पडतात, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात. टेनेसी, अलाबामा, जॉर्जिया, कॅरोलिना या भागातली मंडळं, व्यावसायिक संघटना आणि माजी विद्यार्थ्यांचे गट मला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी टेनेसीतलं चॅटनुगा घेतलं आहे. एक तर ते मला चांगलं माहीत आहे, आणि दुसरं म्हणजे मध्यम शहराचे गुण-दोष तिथे एकत्र दिसतात.

मध्यम शहर म्हणजे नेमकं किती मोठं?

सरकारी व्याख्या शोधत बसू नका. माझ्या हिशेबात दीड ते अडीच लाख वस्तीचं, स्वतःचं कन्व्हेन्शन सेंटर आणि स्वतःचा विमानतळ असलेलं गाव. २०२० च्या जनगणनेत चॅटनुगाची लोकसंख्या १ लाख ८१ हजार होती, बर्मिंगहॅमची २ लाखांच्या किंचित वर, आणि हंट्सव्हिलची २ लाख १५ हजार. त्याच जनगणनेत हंट्सव्हिल बर्मिंगहॅमला मागे टाकून अलाबामातलं सर्वांत मोठं शहर झालं. टेनेसीतलं नॉक्सव्हिल आणि जॉर्जियातलं सव्हाना ही याच पंगतीतली; दक्षिण कॅरोलिनातलं ग्रीनव्हिल वस्तीनं बरंच लहान, पण सोयींमुळे तेही धरतो. अटलांटा, नॅशव्हिल आणि केंटकीतलं लुइव्हिल यांत येत नाहीत.

अटलांटा दोन तासांवर असताना चॅटनुगाला कशाला जायचं?

अटलांटात त्याच शनिवारी चार मोठी प्रदर्शनं, एक मैफल आणि एक फुटबॉल सामना असतो. तिथे तुमचे आठशे लोक म्हणजे दर्यामे खसखस. चॅटनुगात आठशे लोक आले तर हॉटेलचा व्यवस्थापक स्वतः फोन उचलतो, कन्व्हेन्शन सेंटरचा माणूस तुमचं नाव लक्षात ठेवतो आणि डाउनटाउनमधल्या हॉटेलवाल्याला तुमच्या तारखा आधीच कळलेल्या असतात. ही वागणूक पैशात मोजता येत नाही, पण ऐन वेळी प्रोजेक्टर बंद पडला की तिची किंमत कळते.

मध्यम शहर म्हणजे कमी दर्जाचं, हा समज आपल्या लोकांतही आहे. पण बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या महासंघाचं, २०१३ चं अधिवेशन प्रॉव्हिडन्सला भरलं होतं. २०१७ चं यजमानपद डेट्रॉइटकरांकडे होतं, तरी ते भरलं ग्रँड रॅपिड्समध्ये. दोन्ही शहरं उत्तरेकडची असली, तरी हिशेब हाच.

मग पहिली कसोटी कोणती? हॉलचं क्षेत्रफळ?

नाही. पहिली कसोटी चालण्याची. झोपायची खोली, कार्यक्रमाचा हॉल आणि जेवणाची जागा या तिघांतलं अंतर आजीच्या गुडघ्यांनी मोजा. आपल्या संमेलनांना भारतातून आलेले आई-वडील असतात, स्ट्रोलर असतात, नऊवारी नेसलेल्या बायका असतात. ढोल-ताशांचं सामान असतं. दर फेरीला बस लागणार असेल तर निम्मी माणसं दुपारी खोलीवर जातात ती संध्याकाळच्या नाटकालाच परततात. मधली सत्रं रिकामी.

चॅटनुगाचं कन्व्हेन्शन सेंटर १९८५ साली उघडलं, पुढे वाढवलं. मुख्य प्रदर्शन दालन सुमारे १ लाख चौरस फुटांचं आहे, मध्ये एकही खांब नाही. मॅरियट हॉटेल त्याला जोडूनच आहे, पाऊस असला तरी छत्री लागत नाही. डाउनटाउनमध्ये १९९२ पासून विजेवर चालणारी फुकट शटल बस आहे. तिच्या वेळा मात्र तुमच्या तारखांना आधी विचारून घ्या, कारण रात्री अकराला नाटक सुटल्यावर बस असेलच असं नाही.

सव्हानाचं उदाहरण उलट आहे. गाव इतकं देखणं की साइट व्हिजिटला गेलेली समिती हरखूनच परत येते. पण कन्व्हेन्शन सेंटर नदीपलीकडे हचिन्सन बेटावर आहे आणि जुनं गाव अलीकडे. मध्ये फेरी बोट. शेजारच्या हॉटेलात सगळे मावत असतील तर मजा आहे, नाहीतर दिवसभर नावेच्या फेऱ्या. ग्रीनव्हिलचं डाउनटाउन फिरायला सुंदर, धबधब्याच्या वर झुलता पूल आहे, पण तिथलं कन्व्हेन्शन सेंटर डाउनटाउनपासून गाडीच्या अंतरावर आहे. फोटोत या गोष्टी दिसत नाहीत.

किती चौरस फूट लागतील ते कसं काढायचं?

गोल टेबलांवर जेवण असेल तर माणशी बारा-तेरा चौरस फूट धरा, नुसत्या खुर्च्या असतील तर आठ-नऊ. म्हणजे हजार माणसांच्या पंगतीला बारा-तेरा हजार चौरस फूट, वर रंगमंच आणि जेवणाच्या रांगा वेगळ्या. आपल्याकडे बुफेच्या रांगेला जास्त जागा लागते, कारण लोक रांगेतच गप्पा मारतात. एकाच हॉलमध्ये सकाळी भाषण आणि दुपारी जेवण ठेवलंत तर खुर्च्या उचलून टेबलं लावायला दीड-दोन तास लागतात, आणि त्या मजुरीचं बिल येतं. दोन हॉल घ्या.

नाटकासाठी कोणतं शहर?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो आणि सगळ्यात आधी विचारायला हवा. प्रदर्शनाच्या दालनात काळे पडदे लावून नाटक करता येतं, पण करू नये. सिमेंटची जमीन, वरती उघडे पाइप, आवाज घुमतो, पाचव्या रांगेनंतर पात्राचा चेहरा दिसत नाही. मुंबईहून आलेल्या कलाकारांना विंगही मिळत नाही. कलाकारांच्या पी-३ व्हिसासाठी महिनोन्‌महिने कागदपत्रं जमवायची, आणि मग त्यांना गोदामात उभं करायचं, हे बरं नव्हे.

या एका मुद्द्यावर बर्मिंगहॅम चॅटनुगाच्या पुढे आहे. तिथल्या कन्व्हेन्शन संकुलात सव्वादोन लाख चौरस फुटांच्या आसपास प्रदर्शनाची जागा आहे, पावणेतीन हजारांवर आसनांचा कॉन्सर्ट हॉल आहे, एक छोटं नाट्यगृह आहे आणि रिंगणाचं मोठं स्टेडियमही. साडेसातशेहून जास्त खोल्यांचं शेरेटन आणि शिवाय वेस्टिन अगदी लागून. सकाळी सत्र, दुपारी जेवण, रात्री नाटक, सगळं एकाच आवारात. हंट्सव्हिलच्या फॉन ब्राउन सेंटरमध्येही सुमारे दोन हजार आसनांचा कॉन्सर्ट हॉल आहे, आणि हॉटेल जोडलेलं आहे.

चॅटनुगात सोल्जर्स अँड सेलर्स मेमोरियल ऑडिटोरियम आहे, १९२४ सालचं, साडेतीन हजारांवर आसनं. टिवोली थिएटर १९२१ चं आणि देखणं, पण त्याच्या मोठ्या नूतनीकरणाचं काम हाती घेतलेलं असल्यामुळे ते तुमच्या तारखांना मिळेल हे गृहीत धरू नका. मेमोरियल ऑडिटोरियम कन्व्हेन्शन सेंटरपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. तरुणांना ठीक. ज्येष्ठांसाठी बस ठरवाच.

माझं मत: नाटक हा कार्यक्रमाचा कणा असेल आणि पंधराशेच्या वर लोक असतील तर बर्मिंगहॅम. चर्चासत्रं, स्टॉल, कुटुंबांचा मेळावा आणि एखादी मैफल असेल तर चॅटनुगा.

आपलं जेवण आत नेता येतं का?

इथे घोडं अडतं. आणि करारावर सही झाल्यावर अडतं, हे जास्त वाईट.

बहुतेक कन्व्हेन्शन सेंटर्सचा स्वतःचा ठरलेला केटरर असतो आणि बाहेरचं अन्न आत आणायला बंदी असते. भारतीय केटररला परवानगी मिळते, पण तीन-चार रस्त्यांनी. कुठे माणशी ठरावीक शुल्क घेतात. कुठे स्वयंपाकघराचं भाडं वेगळं. कुठे तुमचा केटरर शिजवतो आणि वाढायला माणसं त्यांचीच लागतात. काही ठिकाणी त्यांचाच शेफ तुमच्या पाककृतीवरून शिजवतो. हा चौथा रस्ता स्वस्त वाटतो. पण वरणाला फोडणी न देता वर कोथिंबीर भुरभुरवलेली मी पाहिली आहे. चव बघायचं जेवण मागा, आणि ते नुसतं समितीनं खाऊ नका, एखाद्या खवचट काकूंना सोबत न्या.

विचारायचे मुद्दे: गॅस पेटवता येतो का, की फक्त गरम करता येतं? अन्न गरम ठेवणारे हॉट बॉक्स लावायला वीज किती? केटररकडे किती रकमेचा विमा हवा? (दहा लाख डॉलरची अट सर्रास असते.) उरलेलं अन्न नेता येतं का? बहुधा येत नाही, आणि श्रीखंडाच्या दोन बादल्या कचऱ्यात जाताना बघणं जिवावर येतं.

चॅटनुगाचा फायदा असा की अटलांटाच्या डेकेटर भागातली भारतीय दुकानं आणि केटरर दोन तासांवर आहेत. पण दोन तास म्हणजे शनिवारी सकाळी अडीच-तीनही होतात. नाश्ता स्थानिक घ्या, जेवण बाहेरून.

आणि चहा?

चहाचा वेगळा प्रश्न आहे म्हणून वेगळं उत्तर. कन्व्हेन्शन सेंटरमध्ये चहा-कॉफी गॅलनवर विकतात. मी पाहिलेल्या दरपत्रकांत गॅलनला साठ-सत्तर डॉलर किंवा त्याहून जास्त होते, आणि मिळणार काय तर गरम पाणी आणि पिशव्या. आपल्या कपाच्या मापानं एका गॅलनमध्ये पंचवीस-एक कप निघतात. आठशे माणसं, दिवसातून दोनदा, म्हणजे सोळाशे कप, म्हणजे चौसष्ट गॅलन. गुणाकार तुम्हीच करा. म्हणून बाहेरच्या केटररच्या परवानगीत "चहा धरून" हे शब्द लिहून घ्या. न लिहिल्यामुळे एका समितीला दुसऱ्या दिवशी आल्याचा चहा हॉटेलच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या डिकीतून वाटावा लागला. लोकांना तो फार आवडला, हा भाग निराळा.

शाकाहारी लोकांचं बाहेर काय होतं?

दक्षिणेतलं खाणं चवदार आहे, पण पालेभाजीत डुकराचं मांस असतं हे अनेकांना माहीत नसतं. कॉलर्ड ग्रीन्स, हिरव्या शेंगा, पिंटो बीन्स यांत चवीसाठी हॅम किंवा बेकन घालून तासन्‌तास शिजवतात. "यात मांस आहे का" असं विचारलं तर वाढणारी बाई मनापासून "नाही" म्हणेल, कारण तिच्या लेखी ते मांस नाही, फोडणी आहे. "हॅम किंवा बेकनमध्ये शिजवलंय का" असं विचारा. मक्याची ग्रिट्स मात्र आपल्या कण्यांची बहीण, लोणी घालून आजोबाही खातात.

हॉटेलच्या करारात सापळे कुठे असतात?

अ‍ॅट्रिशन, म्हणजे राखलेल्या खोल्या भरल्या नाहीत तर बसणारा भुर्दंड. हा शब्द समितीतल्या प्रत्येकाला पाठ हवा. तुम्ही ३०० खोल्या तीन रात्रींसाठी राखल्या, म्हणजे ९०० रात्री झाल्या. करारात ८० टक्क्यांची अट असेल तर ७२० रात्री भरल्याच पाहिजेत. प्रत्यक्षात ६०० भरल्या आणि दर १८० डॉलर असेल, तर उरलेल्या १२० रात्रींचे २१,६०० डॉलर मंडळाच्या खिशातून जातात. आणि आपली माणसं काय करतात? गटाचा दर १८० दिसला की फोनवर शोधून समोरच्या हॉटेलात १५० ची खोली घेतात, किंवा चॅटनुगाच्या भाचीकडे उतरतात. म्हणून पहिल्या वर्षी अंदाजापेक्षा कमीच खोल्या राखा. भरल्या तर वाढवून घेता येतात.

याखेरीज चार गोष्टी मागून घ्या: दर पन्नास भरलेल्या खोल्यांमागे एक फुकट, कट-ऑफ तारखेनंतरही (गटाच्या दरानं खोली घ्यायच्या शेवटच्या तारखेनंतरही) जागा असेल तर तोच दर, गटाबाहेरून त्याच हॉटेलात घेतलेल्या खोल्याही तुमच्या हिशेबात, आणि आपत्तीचं कलम स्पष्ट शब्दांत. कोविडमुळे बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०२१ चं अधिवेशन २०२२ मध्ये अटलांटिक सिटीला घ्यावं लागलं. त्याआधी आपत्तीचं कलम कुणी वाचत नसे.

करांचं काय?

टेनेसीत राज्याचा उत्पन्नकर पगारावर नाही, त्यामुळे विक्रीकर चढा आहे. चॅटनुगात तो ९.२५ टक्के. हॉटेलवर वरून शहर आणि काउंटीचा कर, सगळं मिळून सतराच्या आसपास. म्हणजे १८० ची खोली दोनशे दहाला पडते, आणि हा आकडा नोंदणीच्या पानावर आधीच लिहा, नाहीतर तक्रारी तुमच्याकडे येतात.

जेवणाच्या दरापुढे दोन अधिकचिन्हं असतात. ४५ डॉलरचं ताट, त्यावर २४ टक्के सेवाशुल्क, आणि त्या सगळ्यावर विक्रीकर लागला, की ते ताट ६१ ला जातं. अंदाजपत्रक ४५ वर बांधलेलं असतं, आणि खजिनदाराची झोप उडते.

मंडळ धर्मादाय म्हणून नोंदलेलं आहे, म्हणजे कर माफ, असं समजू नका. संघराज्याच्या उत्पन्नकरातली सूट आणि राज्याच्या विक्रीकरातली सूट या वेगळ्या गोष्टी आहेत. टेनेसीत अशा संस्थांना विक्रीकरातून सूट आहे, पण त्यासाठी योग्य प्रमाणपत्र आधी हातात लागतं. अलाबामात धर्मादाय संस्थांना सरसकट सूट नाहीच. बर्मिंगहॅम आणि चॅटनुगा यांची तुलना करताना हा फरक खालच्या ओळीत मांडा.

कोणत्या महिन्यात घ्यावं?

शाळा बंद म्हणून सगळ्यांना जुलै हवा असतो. चॅटनुगात जुलैच्या दुपारी नव्वद फॅरनहाइटला टेकतात, वर दमट हवा. कोकणातल्या माणसाला नवल नाही, पण मिरवणूक सकाळी आठलाच काढा. हॉल मात्र इतके थंड असतात की शाल लागते.

मार्च ते मे हा वावटळींचा, म्हणजे टोर्नेडोंचा मोसम. २७ एप्रिल २०११ च्या वावटळींनी अलाबामाचा मोठा भाग उद्ध्वस्त केला होता. घाबरून जायचं कारण नाही, पण आसऱ्याची जागा कुठे आहे हे हॉलवाल्यांना विचारून ते निवेदकाला माहीत असू द्या. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम; सव्हानाला त्याची थेट झळ बसू शकते, चॅटनुगापर्यंत बहुधा पाऊसच पोचतो.

सगळ्यात सुंदर ऑक्टोबरचा उत्तरार्ध, डोंगर लाल-पिवळे होतात. पण तेव्हा फुटबॉल असतं.

फुटबॉलचा आपल्याशी काय संबंध?

दक्षिणेत शरदातला शनिवार म्हणजे कॉलेज फुटबॉल, आणि ती वारीच असते. नॉक्सव्हिलच्या नेलँड स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त लोक बसतात. घरच्या सामन्याला नॉक्सव्हिलमध्ये खोली मिळत नाही, मिळाली तर दुप्पट-तिप्पट दर. अलाबामा आणि ऑबर्न या विद्यापीठांच्या घरच्या सामन्यांची झळ बर्मिंगहॅमच्या हॉटेलांना लागते. लुइव्हिलला मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी घोड्यांची डर्बी. सव्हानाला मार्चमध्ये सेंट पॅट्रिक्स डे, त्या दिवशी गाव हिरवं आणि तर्र असतं. चॅटनुगात आयर्नमॅनसारखी शर्यत असली की रस्ते बंद. तारीख ठरवण्याआधी शहराच्या पर्यटन कार्यालयाला एकच प्रश्न विचारा: "त्या आठवड्यात गावात आणखी काय आहे?"

हे पर्यटन कार्यालय, ज्याला जुने लोक सीव्हीबी म्हणतात, फुकट काम करतं. हॉटेलच्या करातून त्यांचा खर्च निघतो. एक अर्ज दिला की सगळ्या हॉटेलांचे दर तेच मागवून देतात, साइट व्हिजिटला खोली देतात, कधी कधी थोडा निधीही. आपली मंडळं संकोचानं विचारतच नाहीत.

लोक पोचणार कसे?

मध्यम शहराची दुखरी बाजू हीच. चॅटनुगाचा विमानतळ छोटा, गावापासून पंधरा मिनिटांवर आणि गर्दीविरहित, पण कॅलिफोर्नियाहून येणाऱ्याला अटलांटा, शार्लट किंवा डॅलसला विमान बदलावं लागतं. अनेक जण अटलांटाला उतरून शटल बसनं येतात. रेल्वेचं विचारू नका: "चॅटनुगा चू-चू" म्हणून ज्या गावाचं नाव जगभर झालं, तिथे १९७१ नंतर नियमित प्रवासी गाडी आलेली नाही.

पण तुमचे निम्म्याहून जास्त लोक गाडीनं येणारे असतील तर गणित फिरतं. अटलांटा १२० मैल, नॉक्सव्हिल ११०, नॅशव्हिल १३५, हंट्सव्हिल शंभरच्या आसपास, बर्मिंगहॅम दीडशे. पाच शहरांतली मंडळी शुक्रवारी कामावरून निघून रात्रीच्या जेवणाला पोचतात. दक्षिणेत अशी दुसरी जागा मला तरी सुचत नाही.

एक खोड आहे. चॅटनुगा पूर्वेच्या वेळेत, आणि नॅशव्हिल, हंट्सव्हिल, बर्मिंगहॅम मध्यवर्ती वेळेत. नॅशव्हिलहून येणाऱ्यांचा एक तास वाटेत हरवतो. आपल्या लोकांना उशिरा यायला निमित्त लागत नाही, हे तर सरकारमान्य निमित्त. पत्रिकेवर वेळेपुढे "चॅटनुगाची वेळ" असं छापा.

दक्षिणेत आपल्याला नीट वागवतील का?

हा प्रश्न हळू आवाजात येतो, म्हणून स्पष्ट उत्तर. हॉटेलात, हॉलमध्ये, दुकानात मला तरी आदबच भेटली आहे. ओळख नसताना "मॅम" आणि "सर" म्हणण्याची इथली रीत खरी आहे. हॉटेलच्या काउंटरमागे पटेलही भेटतील. भारतीय हॉटेलमालकांची मोठी संघटना १९८९ मध्ये अटलांटात उभी राहिली आणि तिचं एक मूळ टेनेसीत आहे, कारण तेव्हा विमा कंपन्या भारतीय मोटेलवाल्यांना दारात उभं करत नव्हत्या.

इतिहास मात्र झाकू नका. बर्मिंगहॅमला गेलात तर सोळाव्या रस्त्यावरचं बॅप्टिस्ट चर्च कार्यक्रमात घाला. १५ सप्टेंबर १९६३ ला तिथल्या बॉम्बस्फोटात चार मुली मारल्या गेल्या. समोरच नागरी हक्कांचं संग्रहालय आहे. आपली इथे जन्मलेली मुलं तिथे जितकी गप्प होतात तितकी कुठल्याच भाषणाला होत नाहीत.

मुलांसाठी आणि फावल्या वेळासाठी काय?

चॅटनुगात १९९२ सालचं टेनेसी अ‍ॅक्वेरियम, लुकआउट डोंगरावर चढणारी १८९५ ची इन्क्लाइन रेल्वे, डोंगराच्या पोटातला रुबी फॉल्स, नदीवरचा वॉलनट स्ट्रीटचा पादचारी पूल. पूल दुरुस्तीसाठी बंद नाही ना, ते बघून घ्या. हंट्सव्हिलला खरंखुरं सॅटर्न ५ रॉकेट छताखाली आडवं ठेवलं आहे; अभियंत्यांच्या संमेलनाला तेवढं कारण पुरतं.

चॅटनुगाचं इंटरनेट प्रसिद्ध आहे म्हणतात. मग थेट प्रक्षेपण फुकट होईल ना?

नाही. गावाच्या वीज कंपनीनं २०१० मध्येच घराघरात गिगाबिट वेग दिला, हे खरं. पण हॉलच्या आत वेग हॉलवाला विकतो, आणि दर त्याचा.

साइट व्हिजिटला कोण जावं?

अध्यक्ष गेले नाहीत तरी चालेल. नाटकाचा तांत्रिक माणूस, जेवणाची जबाबदारी घेतलेली बाई आणि कराराचं इंग्रजी बारकाईनं वाचणारा एक जण, हे तिघं जाऊ देत. मंगळवारी नको, शनिवारी रात्री जा. डाउनटाउन तेव्हा कसं असतं, दहा वाजता कुठे खायला मिळतं, हॉटेलच्या लिफ्टला किती वेळ लागतो ते बघा. लिफ्टचं हसण्यावारी नेऊ नका. तीनशे खोल्यांतली माणसं नाश्त्याला साडेआठला एकदम खाली उतरतात.